म्हशीच्या वाट्याचा कोंडा

सीताबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून देवाजी वडशाच्या वाचनालयात आरोग्याच्या पुरवण्याच वाचत बसायचे. भाताच्या कोंड्यात ई जीवनसत्त्वाचा एक प्रकार असतो आणि प्रयोगशाळेत त्यानं या कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावली, असं एकीत छापलं होतं. खरं असेल का, कोण जाणे. बायकोशी बोलायचा धीर होईना. तिचा हात दुखायचा म्हणून भाकरी आता तेच थापत. म्हशीच्या वाट्याचा थोडा कोंडा चाळून ते गुपचूप पिठात मिसळू लागले.

वर्षभरानं नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट चांगला असल्याचं सांगितलं. परतीच्या गाडीत देवाजींनी लाजत लाजत कोंड्याची गोष्ट काढली.

"पहिल्याच दिवशी समजलं मले," सीताबाई म्हणाल्या. "त्या भाकरी गळ्याखाली उतरेनात. मी भात खाल्ला, डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या, अन् तुमच्या भाकरी म्हशीले घातल्या."

देवाजींचा चेहरा उजळला.

"तरीच. कोंडा कमी केला, तरी दूध काऊन कमी होत नाई, हेच मले समजत नव्हतं."