गुरुजींची न फुटणारी संख्या

"चौक मांडस आनि कोपरा उपाशी ठेवस," गजराबाई नातीच्या कानाशी पुटपुटली. "ध्यान कथं शे तुन्हं, पोरी?"

रूपाली धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत घालत होती. दहा ओळी, ओळीत दहा. पण पीठ संपलं आणि कोपऱ्यात तीन बाय तीनची जागा रिकामी राहिली. ध्यान होतं ९९९९१९ वर.

ती संख्या तिच्या आजोबांची. नवनीत गुरुजी निवृत्त गणितशिक्षक. ब्राह्मणपुरीत त्यांच्याएवढं गणित कुणाला येत नाही, हे तेच सांगत. एक आणि ती स्वतः सोडून या संख्येला कशानंच भाग जात नाही, हेही तेच सांगत.

रूपालीला गणित शिकायला नाशिकला जायचं होतं. फॉर्मची उद्या शेवटची तारीख. तिचा बाप चंदन हा गुरुजींना विचारल्याशिवाय दाढीसुद्धा करत नसे, त्यामुळे सही गुरुजींचीच.

"बाईच्या डोक्यात गणित शिरत नाही," गुरुजी म्हणाले होते. "तुझ्या आजीचा गणिताशी संबंध काय? तर माझ्या पुस्तकांना कव्हरं चिकटवायला खळ शिजवणं! मोबाइलला हात न लावता ही संख्या फोड. लगेच सही करतो."

एकतीस वर्षांपूर्वी हीच अट त्यांनी आपल्या मुलीला, सीमाला घातली होती. हजाराच्या आतल्या सगळ्या १६८ अविभाज्य संख्यांनी भागून पाहिलंय, असं म्हणून वही लांबून दाखवली होती. सीमानं मान खाली घातली आणि धानोऱ्याला नांदायला गेली. ती माहेरी आली की घरात कुणी पाढासुद्धा म्हणत नसे.

"सरक तिकडे." गजराबाईनं खालच्या तीन अपुऱ्या ओळी उचलल्या, सात-सात बिबड्यांच्या, आणि बाजूला उभ्या लावल्या. आता सात ओळी, ओळीत तेरा. कोपराच उरला नाही.

रूपाली बघतच राहिली. हजार ओळी, ओळीत हजार. कोपऱ्यात नऊ बाय नऊची जागा रिकामी. दहा लाखाला एक्क्याऐंशी कमी, म्हणजे ९९९९१९! खालच्या नऊ अपुऱ्या ओळी उचलून बाजूला उभ्या लावल्या, तर? पिठाच्या बोटानं तिनं धाब्यावर लिहिलं: ९९१ गुणिले १००९. दोनदा गुणून पाहिलं आणि धडाधड जिना उतरली.

गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. चंदन शेजारी उभा, पेपरचं सुटं पान मिळेल या आशेवर.

"नऊशे एक्क्याण्णव?" गुरुजी हसले. "वहीत आहे ते. बाकी उरते. तुझी आत्याही अशाच उड्या मारायची."

"दाखवा ना मग, आजोबा."

चंदननं वही आणून दिली. शेवटाकडच्या एका पानावर ९८३, बाकी २०८. पुढचं पान जाड लागलं. दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. त्यानंतर थेट ९९७.

"पावसाळ्यात ओल लागते जुन्या वह्यांना," गुरुजी म्हणाले आणि वही मिटू लागले. चंदन आपल्या चपलांकडे बघू लागला.

गजराबाई जिना उतरून आली होती. पदराला हात पुसत तिनं वहीवर बोट ठेवलं.

"कसानी ओल?" ती म्हणाली. "सीमाना वखतले यास्नीच चिकटाडात ते पाने. खळ मीच शिजाडी दिन्ही व्हती."