वाटणीचा लॅपटॉप

"म्हंजी पार्टिशन दिवाळीच्या आत उरकायचं," चांगदेव म्हणाला अन् वळून बघतो तर दारात आई.

झुंबरबाईनं डोक्यावरचा घासाचा भारा खाली टाकला. "कसलं पार्टिशन रं?"

धाकट्या भावाच्या, माऊलीच्या तोंडचं पाणी पळालं. सहा एकर रान आईच्या नावावर होतं. पगार आणणारा चांगदेव म्हणायचा, घर मी चालवतो. रान बघणारा माऊली म्हणायचा, राबतो मी. कागद आधी करायचा, मग गोड बोलून आईची सही घ्यायची, असं दोघांचं गुपचूप ठरलं होतं. झुंबरबाई दुसरीपर्यंतच शिकलेली, पण अंगठा तिनं कधी कुणाला दिला नव्हता. घर फोडायची भाषा तिच्या कानावर गेली असती, तर तिनं दोघांना अंगणातच धुतलं असतं.

चांगदेवनं पुढ्यातल्या लॅपटॉपवर हात ठेवला. रांजणगावच्या कंपनीतल्या एका साहेबाकडून त्यानं तो जुना घेतला होता. "ह्याचं गं आई. ह्याच्या पोटात दोन भाग करायचं. एकात माझं कंपनीचं काम, दुसऱ्यात माऊलीचं खेळ. त्याला पार्टिशन म्हणत्यात."

"व्हय का? मग करा की माझ्यासमोर."

झालं! मारलेली थाप आता निभवायला पाहिजे. माऊलीनं शिरूरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. तिथल्या सरांकडून लिनक्सची सीडी आणली अन् गुरुवारी, चांगदेवच्या सुट्टीला, खरंच दुसरी सिस्टीम टाकली. झुंबरबाई शेजारी शेंगा फोडत बसली होती.

"चालू केला की हा इचारतो, कुठं जायचं," माऊली म्हणाला. "वरची ओळ दादाची, खालची माझी."

"मधी बांध न्हाई?"

"न्हाई गं."

"जागा कुणाला जास्त?"

"सारखी. निम्मी-निम्मी."

"दोनच वाटं? तिसरा पडत न्हाई का?"

"पडतो की. पन कुणासाठी? तू खेळणार हायस का?" चांगदेव हसला. झुंबरबाईनं सुपातली फोलपटं पाखडली.

सीडीतून गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ फुकटात आला होता. एकाच कीबोर्डवर दोघांना खेळता यायचा. चांगदेव उजवीकडच्या बाणांवर, माऊली डावीकडच्या अक्षरांवर. दोन हजार आठ साल ते. लाइट बारा-बारा तास जायची. टीव्ही बंद, पंखा बंद, विहिरीवरची मोटार बंद. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर तासभर तग धरायचा. त्या तासात दोन बापये खांद्याला खांदा लावून असे बसायचे, जसे लहानपणी घोडनदीच्या वाळूत टायर पळवून दमल्यावर बसत.

"दादा, कोपर आवर!"

"तू गाडी आवर, येड्या. रस्ता तिकडं हाय!"

इतकं मन लावून दोघं कित्येक वर्षांत भांडले नव्हते. जेवायला हाका मारून मारून घरातल्या बायका थकायच्या.

गुरुवार आला की झुंबरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून एसटीनं शिरूरला जायची. डोळे दाखवायला. कधी तिथून पुढं दौंडला, लेकीकडं, सुरेखाकडं.

"सोडाया यीऊ का?" माऊली विचारायचा, मान वर न करता.

"नगं. तुमची गाडी पलटी हुईल."

दिवाळी जवळ आली. एका गुरुवारी चालू शर्यत सोडून माऊली म्हणाला, "दादा, न्हाई करायची वाटणी."

चांगदेवची गाडी भिंतीवर आदळली. त्यानं ती तशीच राहू दिली. "मी तलाठ्याकडं जायचं कवाच सोडलंय," तो म्हणाला. "आईला सांगून टाकू. शिव्या खाऊ."

दिवस कलताना आई आली. दोघांनी खाली मान घालून सगळं ओकलं. पार्टिशन रानाचं होतं, लॅपटॉपचं नुसतं निमित्त, आता मनात तसलं काही नाही.

झुंबरबाईनं चपला काढल्या. तांब्याभर पाणी प्याली. पदरानं तोंड पुसलं.

"वाटणी झाली," ती म्हणाली. "आत्ताच शिरूरला दस्त नोंदवून आले. दोन्ही बाजूंचं रान तुमचं, एकेकाला एकेक. मधला तुकडा इहिरीसकट सुरेखाचा. हरभऱ्याला पाणी पायजे आसंल, तर उद्या दोघांनी जोडीनं दौंडला जायाचं आन् बहिणीला इचारायचं."