तिळमात्र

कारखान्याच्या मालकांनी मलमाची डबी टेबलावर पुढे सरकवली. “लहान मुलांचं मलम आहे, बाई. धोका तिळमात्र नाही. मग तपासायला पैसे कशाला?”

“तीळ फार मोठा झाला, साहेब,” संशोधक बाई हसून म्हणाल्या. “यातला कण तिळाच्या लाखाव्या हिश्शाएवढा. तो कातडीतून आत उतरतो का, हे मोजायलाच पैसे हवेत.”

मालकांचा अंगठा झाकणावरून हळूहळू फिरत राहिला.

“देतो. पण एक अट आहे.”

“निकाल आधी तुम्हाला दाखवायचा असेल, तर राहू द्या. मी दुसरं दार ठोठावीन.” बाई उठल्यासुद्धा.

“मला नको, माझ्या लेकीला दाखवा. बापानं केलंय म्हणून तान्ह्याला रोज हेच चोळते ती.”