पंचवीस शब्द

बूथमध्ये एक खुर्ची होती, एक हेडफोन, एक मायक्रोफोन आणि सोळा वर्षांची एक मुलगी. काचेच्या अलीकडे एक मशीन, पंचवीस शब्दांची छापील यादी आणि दोन स्टुलं. एका स्टुलावर कान तपासणाऱ्या मॅडम. दुसऱ्यावर मुलीचे वडील.

बूथच्या भिंती जाड होत्या. आतला आवाज फक्त मॅडमच्या हेडफोनमध्ये येई. मॅडम बोलत, ते मात्र शेजारच्या स्टुलावर सगळं ऐकू जाई.

"तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल," मॅडमनी आधीच सुचवून पाहिलं होतं.

"छे, पोर घाबरते माझी." वडील हसले. माणूस बोलका होता. "आमच्याकडे दोघी बहिऱ्या, मॅडम. आईला सांगितलेलं ऐकू येत नाही आणि लेकीला मारलेली हाक. शाळेतून चिठ्ठी आली म्हणून आणली. नाहीतर सगळी नाटकं!"

शिट्ट्यांची तपासणी झाली होती. मशीनचं बटण दाबलं की मुलीच्या कानात बारीक शिट्टी वाजे, बाहेर काहीच नाही. उजवा कान उत्तम निघाला. डावा चाळीस डेसिबलपर्यंत दाद देत नव्हता. आता शब्द राहिले होते. मॅडमनी म्हणायचा, मुलीने तसाच परत म्हणायचा.

"कागद," मॅडम म्हणाल्या.

"त्यांना ऐकू जातंय का?" हेडफोनमध्ये मुलीचा आवाज आला.

मॅडमना वाटलं, हिला नीट समजलं नाही. "मी म्हणते तेच म्हणायचं, बाळ. खुर्ची."

"तुम्हाला माझं ऐकू येत असेल तर शिट्टी वाजवा. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही."

मुलगी मांडीवरच्या हातांकडे बघत होती. ओठ जेमतेम हलत होते.

वडील यादीत डोकावले. "बरोबर सांगतेय ना?"

"सांगतेय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. एकदा.

"बाबांना ऐकू जातं?"

दोनदा.

मग मॅडम आवाज जराही न हलवता यादी वाचत गेल्या.

"दोरी."

"काल आईचा हात पिरगळला."

"साबण."

"मी मध्ये पडले. मग माझ्या कानाखाली."

"डोंगर."

"डाव्याच. नेहमी डाव्याच."

धडा पाठ म्हणून दाखवावा तशी मुलगी बोलत होती. अकरा शब्द उरले होते. यादी संपली की वडील उठणार, आणि मुलगी त्यांच्या मागोमाग निघणार.

"आई म्हणते, घरोघरी असंच असतं. असतं का?"

मॅडमनी बटण दोनदा दाबलं. दुसऱ्यांदा जास्तच जोरात. त्याने शिट्टीचा आवाज वाढत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मुलीने पहिल्यांदाच मान वर केली.

"मी उलट बोलते म्हणून होतं ना?"

दोनदा.

"टोपली."

"बाहेर बोललीस तर आईला संपवीन म्हणतात."

याला एक शिट्टीही चालत नव्हती आणि दोनही. मॅडमनी पुढचा शब्द वाचला.

वडिलांनी घड्याळ बघितलं. "अजून किती?"

"दोन."

काचेपलीकडून मुलीने ते घड्याळ बघणं टिपलं. "मला आज त्यांच्याबरोबर घरी पाठवणार?"

मॅडमचं बोट बटणावर थबकलं. हे काही त्यांच्या एकटीच्या हातात नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर समाजसेविका बसत, पण आज त्या आल्या होत्या की नाही, कोण जाणे. आणि मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही मॅडमची बावीस वर्षांची शिस्त.

त्यांनी बटण दाबलं. दोनदा.

"जिना," त्या म्हणाल्या.

"आई घरी एकटी आहे. तिच्याकडेही कुणी जाईल?"

एकदा.

"चमचा," मॅडमनी शेवटचा शब्द वाचला.

मुलीने मोठा श्वास घेतला. "चमचा," ती म्हणाली.

मॅडमनी हेडफोन काढला. "डावा कान कमी आहे. अजून एक तपासणी लागेल. तासभर, आणि आत नातेवाईक चालत नाहीत. हा केसपेपर तळमजल्यावर नेऊन शिक्का मारून आणा."

"मी थांबतो की. शिक्का नंतर मारू."

"शिक्क्याशिवाय मला मशीन लावता येत नाही."

"तुम्ही लोक आणि तुमचे शिक्के!" वडील हसत उठले. जाताना त्यांनी काचेवर टकटक केली आणि मुलीकडे बघून एक बोट उगारलं.

दार लागलं. मॅडमनी आतून कडी घातली आणि तिसऱ्या मजल्यावर फोन लावला. सहाव्या घंटीला तो उचलला गेला.

"मागच्या जिन्याने या," मॅडम म्हणाल्या. "आणि येता येता पोलिसांना फोन करा. मुलीच्या आईचा पत्ता देते, लिहून घ्या."

समाजसेविका बूथमध्ये मुलीशेजारी जाऊन बसल्या, तेव्हा मॅडमनी रिपोर्ट भरायला घेतला.

उजवा कान, दहा डेसिबल. डावा कान, चाळीस. विचारलेले शब्द, पंचवीस. बरोबर आलेले, एक.