रडू दे त्याला

जीप जुन्नरच्या रस्त्याला लागली तसं बाळ गप्प व्हायला लागलं. शकुबाईनं नातवाच्या तळपायाला टिचकी मारली. ते कळवळून रडलं आणि काळेनिळे पडलेले ओठ पुन्हा लाल झाले.

"आत्या, बास करा वं," प्रज्ञा म्हणाली. ती पहाटेच बाळंत झालेली. सीटवर धड बसवतही नव्हतं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या नाकात बारीक नळी घालून पाहिली होती. दोन्हीकडून नळी आत जाईना. "नाकामागची वाट जन्मतःच बंद आहे," त्या म्हणाल्या. "तान्ह्या बाळाला तोंडानं श्वास घेणं जमत नाही. रडताना तेवढा तोंडातून आत जातो; रडतंय तोवर श्वास चालू. रस्त्यात गप्प होऊ देऊ नका." दुसरी बाई अडलेली, म्हणून त्यांना सोबत येता आलं नव्हतं.

पुढं कांद्याचा ट्रॅक्टर आडवा झाला. सयाजी ड्रायव्हर हॉर्न बडवत राहिला. शकुबाईनं पुन्हा टिचकी मारली. बाळाचा आवाज आता घोगरा झाला होता.

"द्या इकडं! लेकरू दमलंय." प्रज्ञानं बाळ ओढूनच घेतलं आणि पदराखाली धरलं. रडं थांबलं. "बघा, कसं गप झालं."

शकुबाई झटकन पुढं वाकली. तिनं पदर वर केला. बाळाचं तोंड जांभळासारखं झालं होतं.

"प्रज्ञे, सोडव त्याला!"

प्रज्ञानं त्याला छातीपासून ओढलं आणि मांडीला करकचून चिमटा काढला. बाळ हललं नाही. तिनं दुसरा काढला. मग कुठं चिरका टाहो फुटला.

त्यानंतर तिनं बाळ सासूकडं दिलं नाही. स्वतः हुंदके देत जुन्नरपर्यंत तिनंच त्याला रडवत आणलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाच्या तोंडात इवलीशी नळी बसवली, चिकटपट्टी लावली. रडणं एकदम थांबलं. दोघी बायका एकदमच त्याच्या पायाकडं झेपावल्या.

"असू द्या, असू द्या," डॉक्टर म्हणाले. "नळीतून श्वास घेतोय आता. पुण्याला ऑपरेशन करून नाकामागची वाट उघडतील. तोवर झोपू द्या त्याला."

बाळ झोपलं. प्रज्ञा वाकून बघत राहिली. जन्मल्यापासून त्याचा शांत झोपलेला चेहरा तिनं पाहिलाच नव्हता.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "नाक तुमच्यावर गेलंय."