जागृतीचा तिसरा आठवडा

चष्मेवाल्याने नुसते डोळे डावीकडे वळवले आणि डोक्यात पुन्हा झटका बसला. विजेच्या उघड्या तारेला हात लागावा तसा, कानामागून थेट कपाळापर्यंत. हातातली काच घासणीच्या चाकावर तिरकी झाली आणि तिची कड उडाली. सकाळपासूनची ही दुसरी काच.

“घरी जा बाबा,” दुकानाचा मालक लांबूनच म्हणाला. “लोक नीट दिसावं म्हणून चष्मा घेतात आपल्याकडे.”

तो घरी आला. बायकोने त्याचं तोंड पाहिलं, काही न विचारता त्याला पलंगावर आडवं केलं आणि कपाळावर ओला रुमाल ठेवला.

“आज किती वेळा?”

“नऊ. पण तू घाबरू नकोस. तिसऱ्या आठवड्यात वाढतात, कागदात लिहिलंय.”

कागद साधना केंद्रातला होता. केंद्र चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते येणाऱ्या प्रत्येकाला तो देत. जागृतीच्या काळात शरीर आणि मन काय काय करतं, याची त्यात यादी होती. झटके, घाम, चक्कर, विचित्र स्वप्नं, ध्यानीमनी नसताना येणारं रडू. खाली उपाय होते. गवतावर अनवाणी चालावं, भरपूर पाणी प्यावं, आलेलं रडू अडवू नये. चष्मेवाल्याने सगळ्या लक्षणांपुढे खूण केली होती. शाळेत आपल्याला एवढे मार्क कधी पडले नाहीत, असं तो स्वतःच म्हणायचा.

सहा महिने तो केंद्रातल्या ध्यानाच्या वर्गाला जात होता, पण पाठदुखीपलीकडे पदरात काही पडलं नव्हतं. मग बायको हॉस्पिटलच्या भांडारातून निवृत्त होऊन घरी बसली आणि थोड्याच दिवसांत हे सुरू झालं.

“तुझा पायगुण,” तो तिला म्हणाला होता. “तीस वर्षं घरात पाय ठरला नाही तुझा. ठरला आणि बघ!”

ती कसनुसं हसली होती.

त्याच्या जिभेलाही चव आली होती. “हल्ली चहा झकास करतेस. तो कडसरपणा गेला.”

“पावडर बदलली,” ती म्हणाली.

पण खरी गोष्ट रडण्याची होती. त्यांची एकुलती एक मुलगी सात वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली. एकोणीस वर्षांची होती. घरात तिला सगळे बडबडी म्हणत. ती गेल्यावर पहिला महिनाभर चष्मेवाला ऊर फुटेस्तोवर रडला आणि एका संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर चढला. दोघा अनोळखी माणसांनी त्याला धरून घरी आणलं. डॉक्टरकडे चला म्हणून बायकोने हातापाया पडून सांगितलं, पण त्याने ऐकलं नाही. मला वेडा ठरवायचंय का, म्हणाला. पुढे काही आठवड्यांत तो आपोआपच शांत झाला. देवाने सावरलं, असं तो सांगायचा. तेव्हापासून त्याच्या डोळ्यांतून थेंब आला नाही. बायको मात्र मोरीचा नळ सोडून एकटीच रडायची.

आता तो रोज रडत होता. बडबडीच्या जुन्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडत होता आणि रडून झालं की त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा.

“सात वर्षं मी दगड होतो गं,” तो त्या दुपारी म्हणाला. “पोरीचा आवाजसुद्धा विसरलो होतो. काल स्वप्नात ऐकला.”

“काय म्हणाली?”

“नेहमीचंच. माझी दुसरी चप्पल कुठेय.”

दोघंही हसली आणि मग दोघंही रडली. इतक्या वर्षांनी कुणीतरी बरोबर रडतंय याचं तिला फार बरं वाटलं, आणि तितकीच भीतीही वाटली. त्याने बाहेर जायला चपला घातल्या की ती मागोमाग दारापर्यंत जायची.

“एकदा डॉक्टरांना दाखवू या का?” तिने विचारलं.

“मुळीच नाही.” तो उठून बसला. “ऐक, मी ठरवलंय. दुकान सोडतो. केंद्रातच राहायला जातो, कायमचा. दादा म्हणतात, घरात ही अवस्था टिकत नाही. मला परत दगड व्हायचं नाही.”

“आणि मी?”

त्याने तिचा हात हातात घेतला. “तिथे जोडप्यांना ठेवत नाहीत. तू मला समजून घेशील. आजवर घेतलंसच की.”

लेक गेलीच होती, आता हाही निघाला. ती उठली आणि रुमाल पुन्हा भिजवून आणला.

रविवारी तो तिलाही केंद्रात घेऊन गेला. सतरंजीवर तीसेक माणसं बसली होती. चष्मेवाल्याने उभं राहून झटके, घाम, स्वप्नं, सगळं सांगितलं. लेकीसाठी आपण कसे रडलो ते सांगताना तो पुन्हा रडला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने डोळ्यांना पदर लावला. उद्यापासून मी इथलाच, असं म्हणून तो खाली बसला.

दादांनी हात जोडले. “या काळात घरच्यांचा आधार फार मोठा असतो. वहिनी, तुम्ही नेमकं काय केलंत ते सांगा. इथे बऱ्याच जणांना उपयोग होईल.”

“सांग ना,” चष्मेवाला कौतुकाने म्हणाला.

ती उठली. पदर सारखा केला. त्याच्याकडे बघायचं तिने टाळलं.

“मी काहीच केलं नाही,” ती म्हणाली. “पुलावरून आणल्यापासून रोज सकाळी यांना न सांगता चहातून हॉस्पिटलमधली नैराश्यावरची एक गोळी देत होते. मी निवृत्त झाले आणि गोळ्या एकदम बंद झाल्या, एवढंच.”