वरच्या पट्ट्या

आपल्याला न विचारता लेकानं, सोनबानं, कीबोर्डच्या पट्ट्यांवरचे आवाज परस्पर बदलून टाकले, हे शाहीर तुळसाबाईंना भर कार्यक्रमात कळलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचा गळा बसल्यापासून खालच्या पट्ट्यांतून जुन्या रेकॉर्डिंगवरून भरलेला त्यांचा आवाज नवे पोवाडे गाई आणि वरच्यांतून वारलेल्या नवऱ्याचा. हयातीत ते बाईंचे झीलकरी. बाईंनी सूर अर्ध्यावर सोडायचा, त्यांनी तो वर उचलायचा. आज सोनबाची बोटं वर गेली, तर तिथंही बाईच गात होत्या.

कार्यक्रम संपताच त्यांनी त्याला विंगेत गाठलं. "तुझा बा कुठाय?"

"आई, तुझाच आवाज वरपर्यंत ताणला. लोकांना तूच पाहिजेस. टाळ्या ऐकल्यास ना?"

"ऐकल्या. तुझा बा गेला तवा मी देवाला शिव्या घातल्या. आज, मेल्या, तू मला दुसऱ्यांदा रंडकी केलीस."